ठेकेदारसाहेब, तुमच्या रसायनशास्त्राला दंडवत

प्रति,
मा. ठेकेदारसाहेब,
(नाव माहीत आहे, पण लिहीत नाही. कामाच्या फलकावर तुम्हीही ते लिहिलेलं नाही.)

विषय : आमच्या गल्लीच्या डांबरीकरणात आपण लावलेल्या शोधांबद्दल अभिनंदन.



मी चौतीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत हे दरवर्षी परीक्षानळी हलवून दाखवलं. आषाढातल्या त्या रात्री साडेअकरा वाजता, भुरभुर पाऊस चालू असताना, ओल्याचिंब रस्त्यावर तुमच्या डंपरनं डांबराचा माल ओतला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण मुलांना चुकीचं शिकवलं. दोन्ही एकत्र नांदतात. बिल निघेपर्यंत तरी नांदतात.

मी छत्री घेऊन खाली उतरलो, हे तुमच्या मुकादमानं तुम्हाला सांगितलं असेलच. मॅक्सी घातलेल्या चार बायका आणि एक निवृत्त मास्तर, एवढीच त्या रात्रीची तांत्रिक देखरेख होती. जेईसाहेब येऊन गेले म्हणे. मला दिसले नाहीत. निवृत्त होताना प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी मला लांब दांडीचा एक डायल थर्मामीटर भेट दिला होता. तो मी मालाच्या ढिगात खुपसला. मुकादम म्हणाला, "सर, ताप बघताय काय?"

होय, तापच बघत होतो. काटा 84 वर थांबला.

साहेब, आपल्या साध्या व्हीजी-30 डांबराचा माल प्लांटमधून 150 ते 165 अंशाला निघावा, रस्त्यावर पसरताना 140 च्या खाली नसावा आणि रोलरचं काम 90 च्या आत जाण्यापूर्वी उरकावं, असं केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाचं तपशीलपत्र सांगतं. तुमचा माल पसरण्याआधीच दाबण्याच्याही लायकीचा उरला नव्हता. त्याच पुस्तकात पावसात आणि ओल्या पृष्ठावर काम करू नये असंही आहे. पण ते पुस्तक जाड आहे, आणि तुम्ही ते कशाखाली तरी टेकू म्हणून लावलं असणार.

आकड्यांचा हट्ट म्हातारपणाचा नाही. जिलेबीवाल्याला विचारा, जिलेबी गरम एकतारी पाकात सोडली आणि पाक गार झाल्यावर सोडली यात काय फरक पडतो. डांबर म्हणजे कच्च्या तेलातून पेट्रोल, डिझेल, सगळी साय काढून घेतल्यावर तळाशी राहिलेला गाळ. गरम असताना तो वाहतो, खडीच्या प्रत्येक तुकड्याला पातळ लेप देतो. वजनानं बघाल तर शंभर किलो मालात डांबर जेमतेम पाच किलो. बाकी खडी आणि कच. त्या पाच किलोंनी पंचाण्णव किलोंचा संसार सांभाळायचा. माल गार झाला की डांबर ताठरतं, रोलर वरून फिरतो आणि आत पोकळ्या तशाच राहतात. तीन ते पाच टक्के पोकळी मुद्दाम ठेवतात, उन्हाळ्यात डांबराला फुगायला जागा हवी म्हणून. तुमच्या थरात किती होती ते मी मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी मुरताना मात्र पाहिलं.

आणि पाण्याचं सांगतो, कारण माझं खरं भांडण तिथंच आहे. दगडाला डांबरापेक्षा पाणी प्रिय असतं. हे काव्य नाही. दगडाच्या पृष्ठभागावर विद्युतभाराची ओढ असते, पाण्याच्या रेणूलाही ती असते. डांबर बिचारं तेलकट, बहुतांशी उदासीन. संधी मिळाली की पाणी लेपाच्या कडेखाली शिरतं आणि डांबराला दगडावरून सोलून काढतं. आपला सह्याद्रीचा काळा पाषाण त्यातल्या त्यात गुणी, ग्रॅनाइटपेक्षा डांबराला बरा धरून ठेवतो. पण त्याच्या अंगाला क्रशरची धूळ असली किंवा तो ओला असला तर तोही हात टेकतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी उपाय काढले. मालात थोडी चुन्याची भुकटी घालायची. नाहीतर डांबरात अमाईन जातीचं रसायन चमचाभर मिसळायचं. त्याचं एक टोक दगड पकडतं, दुसरी लांब शेपूट डांबरात रुतते. साबण जसा मळ आणि पाणी दोघांचेही हात धरतो, तसं. मग परीक्षा : लेप दिलेली खडी 40 अंशाच्या पाण्यात चोवीस तास बुडवून ठेवायची आणि किमान 95 टक्के लेप टिकला पाहिजे.

माझ्याकडे तुमच्या रस्त्याचा एक तुकडा आहे. एकोणिसाव्या दिवशी तो थालीपीठ तव्यावरून सुटावं तसा अख्खा सुटला. मी उलटून पाहिला. खालची बाजू स्वच्छ, कोरडी, मातकट. जुन्या रस्त्यावर नवा थर चिकटावा म्हणून मध्ये इमल्शनचा फवारा मारतात. तो आधी तपकिरी दिसतो, त्यातलं पाणी सुटलं की काळा होतो, आणि मगच माल टाकायचा. तुमच्या थराखाली तपकिरीही नव्हतं आणि काळंही नव्हतं. झाडूसुद्धा मारला नव्हता, साहेब. एक सुकलेलं पिंपळाचं पान त्या थराच्या पोटाला जसंच्या तसं चिकटलेलं होतं, शिरांसकट. कॉलेजात जीवाश्म दाखवायला आम्हाला असा नमुना कधी मिळाला नाही.

मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात निविदेचे कागद मागवले. वाचताना ऊर भरून आला. त्यात पॉलिमरमिश्रित डांबर आहे! लेप सुटू नये म्हणून घालायचं रसायन आहे! एसबीएस नावाचं ते पॉलिमर मी शेवटच्या वर्षी मुलांना आवडीनं समजावलं होतं. त्याच्या साखळीची दोन टोकं गार झाली की एकमेकांत गाठ मारतात, मधला भाग रबरासारखा ताणतो. डांबरात तीन ते पाच टक्के घालून जोरदार घुसळलं की त्याची आत जाळी विणली जाते. मग उन्हात रस्ता वितळत नाही, थंडीत तडकत नाही, ट्रक गेला की पुन्हा जागेवर येतो. नुसतं ढवळून भागत नाही. नीट घुसळलं नाही, किंवा टाकीत तसंच ठेवलं, तर पॉलिमर आणि डांबर फाटतात, ताकातलं लोणी वर यावं तसे. इतकं सगळं कागदावर आहे, दरासकट. तुमच्या बिलात हे पॉलिमर लागलं. आमच्या गल्लीला नाही लागलं.

तुमचे बाकीचे प्रयोग थोडक्यात नोंदवतो. मे महिन्यात तुम्ही पॅचवर्क केलंत, तेव्हा पिंपात डांबर उकळून उकळून निळसर धूर काढला होतात. डांबराला इतकं तापवलं, हवा लागू दिली, की त्याचा कस जळतो आणि ते कडक, ठिसूळ होतं. छतासाठी लोक हेच मुद्दाम करतात. अमेरिकेत बायर्ली नावाच्या गृहस्थानं 1890 च्या दशकात तापलेल्या डांबरात हवा फुंकण्याची युक्ती काढली, त्यामुळे ते उन्हात ओघळत नाही. छतावर गाड्या धावत नाहीत म्हणून ते चालून जातं. तुम्ही रस्त्यासाठी छताचं डांबर बनवलंत. मेमध्ये करपवलंत आणि आषाढात गार वाढलंत. घरच्या स्वयंपाकीणबाईंना यातल्या एकाच गुन्ह्यासाठी काढून टाकतात.

नगरसेवकांनी उद्घाटनात "प्लास्टिकचा रस्ता" म्हटलं होतं. मदुराईच्या प्रा. वासुदेवन यांना 2018 साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. तापलेल्या खडीवर प्लास्टिकचा चुरा टाकायचा, तो वितळून दगडाला चिकटतो, मग डांबर. तुमच्याकडे प्लास्टिक होतं, मी पाहिलं. पिंपाखाली जळत होतं, जुन्या टायरबरोबर.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर तुमच्या बंधूंनी डांबरी शीट चिकटवली, तिच्याबद्दल वेगळं पत्र लिहीन. सध्या एवढंच : शिटांचे जोड बर्नरनं वितळवून एकजीव करायचे असतात, हातानं थोपटायचे नसतात. आणि वर चंदेरी रंग मारायचा असतो, नाहीतर ऊन ती खातं. तिसऱ्या मजल्यावर तीन बादल्या लावल्या आहेत.

उपरोध इथं संपवतो, कारण पुढचं लिहिताना तो टिकत नाही. एकविसाव्या दिवशी संध्याकाळी मी आणि बायको स्कूटरवरून घरी येत होतो. खड्ड्यात पाणी होतं. पाणी सपाट असतं. ती मागच्या सीटवरून पडली आणि तिनं हात टेकला. उजवं मनगट. साठी उलटलेल्या बाईचं हाड. प्लेट बसवली आहे. आता पोळ्या मी करतो, त्याचं काही नाही. पण ती रोज रांगोळी काढायची, चाळीस वर्षं, तुमच्या त्याच रस्त्याच्या कडेला. तुम्ही माणसं आहात की काय आहात? झाडू मारायला काय लागतं? एक रात्र पाऊस थांबायची वाट बघायला काय लागतं? रसायन महाग असतं, समजलं. कोरड्या रस्त्याला पैसे पडत नाहीत!

पुण्याचा जंगली महाराज रस्ता तुम्हाला ठाऊक असेलच, तुमच्या धंद्यात तो शिवीसारखा वापरतात. 1976 साली मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीनं तो केला, दहा वर्षांची हमी लेखी दिली आणि त्यापुढंही कित्येक वर्षं तो खड्ड्याविना राहिला. पॉलिमरमिश्रित डांबर आपल्या रस्त्यांवर येण्याआधीचा तो काळ. पाया, उतार, गटार, योग्य तापमान, योग्य दाब, एवढ्यावर भागलं. मी हे मोठ्यानं म्हणायला निघालो होतो, तुमच्या तोंडावर.

गेल्या मंगळवारी तशी संधी आली. मी तक्रारीचा अर्ज घेऊन कार्यालयातल्या बाकावर बसलो होतो आणि शेजारी तुम्ही येऊन बसलात. फाईल मांडीवर, चप्पल झिजलेली. तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी फाईलवरच्या नावावरून ओळखलं. तास दीड तास आपण एकाच बंद दाराकडे पाहत होतो. चहावाला आला तेव्हा माझे पैसे तुम्हीच दिलेत. मी विचारलं, कसलं काम? तुम्ही म्हणालात, "बिलं. पावणेदोन वर्षांची." मग आपोआप बोलत राहिलात. निविदेच्या अंदाजापेक्षा बावीस टक्के बिलो गेलो तेव्हा काम मिळालं, त्यातनं कुणाकुणाचं किती जातं ते बोटावर मोजून दाखवलंत. बोटं पुरली नाहीत. प्लांट पन्नास किलोमीटरवर, गाडीवर ताडपत्री एकच, तीही फाटकी. पालखी यायच्या आत रस्ता काळा दिसला पाहिजे असा वरून फोन.

बाही वर सरकली तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंतचा जुना भाजल्याचा डाग दिसला. सोळाव्या वर्षी बॉयलरवर मजूर होतात म्हणालात. धूर निळा आला की डांबर करपलं, पांढरी वाफ आली की खडी ओली, हे तुम्ही मला समजावून सांगितलंत. मला, साहेब! आणि इतकं नेमकं सांगितलंत की तीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्या वर्गात असता तर मी तुम्हाला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

हे लक्षात आल्यापासून मला नीट राग येत नाही आणि नीट दयाही येत नाही. अडाणी माणसाला मी शिकवू शकलो असतो. तो माझा धंदाच होता. तुम्हाला काय शिकवू? त्या रात्री डंपर उलटताना तुम्ही तिथं असतात तर पांढरी वाफ तुम्हालाही दिसली असती. की म्हणूनच आला नाहीत?

अर्ज मी दिला आहे. दोषदायित्वाच्या मुदतीत रस्ता पुन्हा करून द्यावा अशी मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. चहा पाजलात तरी नाही. तुमची बिलं अडकू नयेत असंही मनापासून वाटतं. ही दोन्ही वाक्यं एकाच अर्जात बसेनात, म्हणून हे पत्र.

एक राहिलंच. त्या रात्री माझा थर्मामीटर ढिगातच राहिला. मुकादमानं फावडं मारलं, रोलर फिरला, आणि तो गेला तो गेलाच. काल खड्ड्याच्या कडेतून त्याची दांडी बोटभर वर आलेली दिसली. डायल फुटली आहे. मी ओढून काढलेला नाही. तुमच्या कामात हात घातल्याचा आळ नको. पुढच्या खेपेला तुमच्या माणसांना सापडेल. डायल नवी बसवून मिळते, दोनशे-तीनशे रुपयांत. बसवून घ्या आणि तुमच्याकडेच ठेवा.

आपला,
गल्लीतला एक निवृत्त मास्तर