आधी घारी, मग पान्हा

सुरत महापालिकेने 2014 साली बमरोलीत रोज 4 कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरवण्याची सोय केली. हे जमलं. पण शेजारच्या सोसायटीत एक वॉशर बदलायचा, तर आधी सेक्रेटरीची मर्जी लागते! खानदेशातून आलेला प्लंबर हे लवकर शिकतो. पिशवीतून पान्हा नंतर निघतो, तोंडातून ‘केम छो, सेक्रेटरीसाहेब’ आधी. साहेबांच्या घरचा नळ फुकट, वॉचमनला चहा, चंदी पडव्याच्या सणाला घारी या सुरती मिठाईचा डबा. मग अख्ख्या इमारतीची गळती त्याचीच. काम फार टिकाऊ केलं तर ओळख विसरतात, हेही तो जाणतो. दर पावसाळ्यात तोच पाइप गळत असेल, तर प्लंबर राहू द्या, सेक्रेटरी बदला.