अर्ध्या चहाचे तात्या

प्रत्येक सोसायटीत एक तात्या असतात. आमच्याकडचे दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि सकाळी साडेसहाला दात घासायला गॅलरीत येतात. हे काम मोरीत, दार लावून उरकायचं असतं, हे त्यांना मान्य नाही. एका हातात ब्रश, दुसऱ्यात तांब्या, खांद्यावर पंचा. पंधरा मिनिटं येरझारा घालत ते दात घासतात आणि त्याच तोंडाने सोसायटीचा कारभारही बघतात. "फाणी आफं का?" अशी वरून हाक येते आणि वॉचमन मान वर न करता "आलं, आलं" म्हणतो. शेवटी गुळण्या. त्या आवाजाने शेजारची शाळकरी पोरं उठतात, त्यामुळे त्याबद्दल तक्रार कुणी करत नाही.

ब्रश कडक हवा. "मऊ ब्रशनं गुदगुल्या होतात, दात नाही निघत स्वच्छ," असं त्यांचं मत. महिन्याभरात ब्रशचे केस चहूकडे फाकतात, त्याचा त्यांना अभिमान आहे. लहानपणी गावात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेतली अळी काढणारा माणूस त्यांनी पाहिला होता. तेव्हापासून कीड हा एक जिवंत प्राणी आहे आणि जोर लावला की तो चिरडतो, यावर त्यांची श्रद्धा आहे.

एवढं करून तात्यांच्या चार दाढा भरलेल्या आहेत, एकीवर कॅप आहे आणि एक कायमची गेलेली आहे. हिरड्या मागे सरून दातांच्या मुळाशी खाचा पडल्यात, तो कडक ब्रशचा प्रसाद. दंतवैद्य बाईंनी एकदा हात जोडून सांगितलं, "तात्या, दात आहेत ते, पितळेची भांडी नाहीत." तात्या बाहेर येऊन म्हणाले, "आजकालच्या डॉक्टरांना मेहनतीची किंमत नाही."

खरी गंमत ब्रश ठेवल्यावर सुरू होते. तात्या चहा कधीही कपभर घेत नाहीत. "अर्धाच दे," हे त्यांचं ब्रीद. घरी अर्धा, पेपरवाल्याशी बोलताना अर्धा, बँकेत अर्धा, माझ्याकडे आले की "तुझ्या आग्रहाखातर" अर्धा. प्रत्येक अर्धा वीस मिनिटं पुरवून पितात, सोबत बिस्किट बुडवतात. मधल्या वेळात खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. संध्याकाळी हिशोब सांगतात: "आठ अर्धे म्हणजे चारच कप की रे!" गणित बरोबर आहे. फक्त दात कप मोजत नाहीत, वेळा मोजतात.

साखर तोंडात गेली की दातांवरच्या थरातले जंतू काही मिनिटांत तिचं आम्ल करतात. पीएच साडेपाचाच्या आसपास उतरला की दाताचं वरचं कवच विरघळू लागतं. मग लाळ ते आम्ल निववते, झिजलेलं थोडंफार भरूनही काढते. पण तिला त्यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो, आणि तेवढी उसंत तात्या तिला देतील तर ना! स्वीडनमध्ये लुंड गावच्या विपेहोल्म संस्थेत १९४५ नंतर मतिमंद रुग्णांना त्यांची संमती न घेता साखर, टॉफ्या खाऊ घालून हे तपासलं गेलं. आज तसं करायला कुणी धजणार नाही. जेवणाबरोबरच्या साखरेने तिथे दात फारसे किडले नाहीत. जेवणांच्या मध्ये चघळलेल्या चिकट टॉफ्यांनी मात्र वाट लावली. म्हणजे तात्यांनी जेवताना दोन जिलब्या खाव्यात, चालेल. त्या दिवसभर पुरवून खाऊ नयेत.

पेस्टबद्दलही ते हट्टी. खोक्यावर लवंग, मीठ, कोळसा, झाडाचा पाला, काहीही चालेल, फ्लोराइड नको. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात डागाळतात, हाडं दुखतात, हे त्यांनी पेपरात वाचलंय. ते खरंच आहे. पण तिथली माणसं ते पाणी वर्षानुवर्षं पितात. पेस्ट काही कुणी प्यायची नसते. पेस्टमधलं फ्लोराइड दातांचं कवच चिवट करतं. मागच्या दिवाळीत नातवाने त्यांच्या हातात तसली पेस्ट कोंबली, तर तात्यांनी ती ब्रशभर घेतली आणि वर तांब्याभर पाण्याने धुऊन टाकली. खरं तर मटारच्या दाण्याएवढी पुरते, आणि फेस थुंकल्यावर लगेच गुळण्या न केलेल्याच बऱ्या.

रात्री तात्या दात घासतच नाहीत. "झोपेत कोण बघणार आहे?" जेवून वर खोकल्यासाठी खडीसाखरेचा खडा गालात ठेवतात आणि आडवे होतात. झोपेत लाळ जवळजवळ आटते, म्हणजे राखणदार सुट्टीवर असताना तात्या घरात खाऊ ठेवून दार उघडं टाकतात.

परवा आणखी एक दाढ दुखायला लागली. रूट कॅनलचा खर्च ऐकून तात्या हबकले आणि बाईंचं ऐकायला तयार झाले. आता ते रात्रीही ब्रश करतात. गॅलरीत, साडेदहाला, गुळण्यांसकट. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये तो विषय आहे.

तुमच्या मजल्यावर असे तात्या असतील, तर त्यांना ब्रश कसा धरावा हे शिकवायला जाऊ नका, ऐकणार नाहीत. आले की चहा जरूर विचारा. पूर्ण कप द्या, बिनसाखरेचा द्या, आणि बिस्किटांचा डबा आत ठेवा.