लक्ष्मीपूजनाला रुजू होऊ नये

२००५ साली लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आलं होतं. त्या दिवशी काय करावं हे पंचांगात छापलेलं असतं. वहीपूजन करावं, नवी केरसुणी पुजावी, वगैरे. सरकारी नोकरीत मात्र रुजू होऊ नये, एवढं एक कुणाही पंचांगकर्त्याला सुचलं नाही. आदल्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, राज्याच्या वित्त विभागाने शासन निर्णय काढला होता. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर जो सेवेत येईल, त्याला १९८२ च्या नियमांतली पेन्शन नाही. त्याच्यासाठी नवी परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना. नाव असं की एका दमात म्हणता म्हणता माणूस निवृत्त व्हावा.

आमच्या हेदवीच्या देवळात लक्ष्मी दशभुज गणपतीच्या मांडीवर पेशवाईपासून बसलेली आहे. तिला कुणी उठवलेलं नाही. सरकारी नोकराच्या मांडीवर मात्र ती १८ वर्षं, २० वर्षं, ३० वर्षं राबल्यावर बसणार होती. ती ऐन लक्ष्मीपूजनाला उठली आणि शेअर बाजारात जाऊन बसली.

आता आमचे गुरुजी. ते काल्पनिक आहेत. त्यांची फाईल मात्र कुठल्याही तालुक्यात मिळेल. गुरुजींनी जाहिरात वाचली ती उन्हाळ्यात. परीक्षा दिली पावसात. निवड यादीत नाव लागलं गणपतीत. नेमणुकीचा आदेश दसऱ्याला टाइप झाला, पण सही करणारे साहेब दौऱ्यावर. साहेब दौऱ्यावरून आले तेव्हा आवक-जावकचा कारकून रजेवर. कारकून आला तोवर फराळाचे डबे उघडले होते. आदेश हेदवीत पोचला तो भाऊबीज झाल्यावर. गुरुजींच्या आईने आदेशाच्या कागदाला कुंकू लावलं, देवापुढे ठेवला आणि पेढे वाटले. पेन्शन गेल्याचे पेढे वाटणारं हे गावातलं पहिलंच घर असावं.

त्यांच्याबरोबर त्याच यादीत असलेला, त्यांच्यापेक्षा दोन गुण कमी असलेला मित्र शेजारच्या जिल्ह्यात २५ ऑक्टोबरला रुजू झाला. तिथला साहेब दौऱ्यावर गेला नव्हता, एवढंच. मित्राला निवृत्तीनंतर शेवटच्या पगाराच्या निम्मं, वर महागाई भत्ता, आणि मागे राहणाऱ्या बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. गुरुजींना पगारातून दहा टक्के कापून घेतलेली रक्कम, सरकारची त्यात पडणारी भर, आणि बाजार देईल ते. दोन गुण जास्त मिळवल्याचा हा दंड.

गुरुजी वकिलाकडे गेले. वकिलाने पहिला प्रश्न विचारला, 'तुमची नेमणूक नेमकी झाली कधी?' पत्रिका मांडताना ज्योतिषी जन्मवेळ विचारतो तसं हे. कळा सुरू झाल्या ती वेळ धरायची, मूल बाहेर आलं ती, की रडलं ती? जाहिरात, परीक्षा, निवड यादी, आदेश, रुजू होणं, या पाचांतला खरा जन्म कोणता यावर या देशात हजारो माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढली. केंद्राची अधिसूचना २२ डिसेंबर २००३ ची, अंमल १ जानेवारी २००४ पासून. त्यामुळे तिकडचे लोक आमच्या आधी दोन वर्षं भांडायला लागले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या अनेक प्रकरणांत सांगितलं की बाबांनो, भरती आधी सुरू झाली, उशीर खात्याने केला, त्याची शिक्षा नोकराला कशी? इतकी साधी गोष्ट सांगायला एक उच्च न्यायालय लागतं, आणि ती ऐकू यायला सरकारला सर्वोच्च न्यायालयापर्यंत फिरून यावं लागतं.

गुरुजींपुढे त्याआधी दुसराच पेच होता. दाद मागायची कुठे? राज्य सरकारच्या नोकरांसाठी 'मॅट' आहे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, १९९१ पासूनचं. गुरुजी उत्साहाने तिकडे निघाले तर वकील म्हणाला, 'थांबा, तुम्ही सरकारी नोकर नाही. तुम्ही जिल्हा परिषदेचे.' गुरुजी खालीच बसले. जनगणनेला ते सरकारचे. मतदार याद्यांना सरकारचे. निवडणुकीत केंद्रावर रात्री डास मारत पेट्या राखायला सरकारचे. एकदा तर गावातल्या उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे हटकायलाही ते सरकारचेच होते. फक्त सरकारवर फिर्याद करायची वेळ आली की ते जिल्हा परिषदेचे, आणि त्यांनी उच्च न्यायालयात जायचं.

हेदवीहून उच्च न्यायालय म्हणजे पूर्वी मुंबई. रात्रीची एसटी, सकाळी परळ, मग फोर्ट, आणि बोर्डावर आपला नंबर येण्याआधी संध्याकाळ. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी जिल्हा त्याला जोडला गेला. आता चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, कऱ्हाड असं करत कोल्हापूर. न्याय जवळ आला हे खरंच आहे. घाटात दरड नसली तर संध्याकाळच्या आत तारीख घेऊन माणूस परतही निघू शकतो.

पेन्शनसाठी भांडण्यात मराठी माणूस नवखा आहे असं कुणी समजू नये. दुसऱ्या बाजीरावाने १८१८ साली राज्य सोडलं ते वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर. हा फार दिवस घेणार नाही, असा कंपनीचा हिशेब असावा. बाजीरावाने ब्रह्मावर्तात बसून ती पेन्शन १८५१ पर्यंत, सुमारे ३३ वर्षं, खाल्ली. १९८२ च्या नियमांत पूर्ण पेन्शनला अर्हताकारी सेवा धरली होती तीही ३३ वर्षंच. नियम करणाऱ्याने इतिहास वाचलेला असावा. तर बाजीराव वारले आणि दत्तकपुत्र नानासाहेबांनी वारसाचा दावा लावला. डलहौसीने तो फेटाळला. अपील थेट लंडनला, अझीमुल्ला खान वकील म्हणून बोटीने गेला, संचालकांनी तिथेही नकार दिला. पुढे १८५७ झालं. सत्तावन्नची कारणं अनेक होती हे मला ठाऊक आहे, इतिहासाच्या प्राध्यापकांनी पत्रं पाठवू नयेत. पण अपात्र ठरवलेल्या अर्जदाराशी जरा नीट बोलावं, इतका बोध कोषागाराने त्यातून घ्यायला हरकत नव्हती.

कायद्याची बाजू म्हणावी तर १७ डिसेंबर १९८२ ची. डी. एस. नाकरा नावाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड पीठावर होते, निकाल लिहिला न्यायमूर्ती देसाईंनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची खैरात नाही, केलेल्या नोकरीची ती कमाई आहे, आणि केवळ एक तारीख मध्ये ठेवून एकसारख्या पेन्शनरांचे दोन गट पाडता येणार नाहीत. म्हणून तर १७ डिसेंबरला देशभर पेन्शनर दिन साजरा होतो. ज्येष्ठ मंडळी एकमेकांना शाल घालतात, चहा होतो, आणि कुणीतरी तरुण शिक्षक मागच्या रांगेत बसून विचारतो की मग आमचं काय? त्याला सांगतात, 'बाळा, तो निकाल ज्यांना पेन्शन आहे त्यांच्यासाठी.' सरकारचं म्हणणं तेच आहे. जुनी योजना सुधारणं वेगळं आणि नव्या माणसांसाठी नवी योजना आणणं वेगळं. ती तारीख ठरवणं हे धोरण. कायद्याच्या पुस्तकात हा युक्तिवाद टिकतो, हे कबूल करायला हवं.

पैशाचंही खोटं नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितलं की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. ज्या सभागृहात हे सांगितलं गेलं, त्या सभागृहात एकदा निवडून गेलेला माणूस माजी झाला की त्याला महिना ५० हजार पेन्शन आहे, जास्त वर्षं काढली तर त्यावर वाढ आहे. त्यासाठी बाजाराची जोखीम नाही आणि १ नोव्हेंबर नाही. तिजोरीच्या चिंतेने सदस्य इतके व्याकूळ झाले होते की हे त्यांच्या लक्षातच आलं नसावं.

मग मार्च २०२३ चा संप झाला. १४ तारखेला सुरू, २० ला मागे. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' अशी टोपी घालून गुरुजीही तहसीलवर जाऊन आले. समिती नेमली गेली. पुढे २ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय आला: ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली पण जे नंतर रुजू झाले, त्यांनी सहा महिन्यांत विकल्प द्यावा, त्यांना जुनी पेन्शन. सुमारे २६ हजार माणसं यात बसतात असं सांगितलं गेलं. केंद्राने हीच गोष्ट ३ मार्च २०२३ ला केली होती. म्हणजे साहेब दौऱ्यावर होते हे सरकारने १८ वर्षांनी मान्य केलं. त्यानंतर एकीकृत नावाची तिसरी योजनाही आली. आता गावात दोन नोकरदार भेटले की पावसाआधी विचारतात, 'तुम्ही कशात?'

ज्यांना संस्थेने २००५ आधी नेमलं, पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं, त्या शिक्षकांचं भांडण वेगळं आणि जास्त कडू. त्यांचा साहेब दौऱ्यावर नव्हता. त्यांची शाळाच सरकारच्या हिशेबी पुरती जन्मली नव्हती. त्यावर एक सदर वेगळं लिहावं लागेल.

हे सगळं बोलणं पारावर चाललं असताना गुहागरच्या एसटीचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. तो म्हणाला, 'गुर्जी, तुमचा बराच हाय. जुनी नाय तर नवी, नवी नाय तर तिसरी.' त्याची पेन्शन ईपीएस-९५ मधली. कितीही घाट चढवा, हिशेबाला पगार धरायचा १५ हजारांच्या आत, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. किमान पेन्शन महिना १ हजार, २०१४ पासून तीच. गुरुजी काही बोलले नाहीत. एक हजारात हयातीचा दाखला काढायला तालुक्याला किती खेपा परवडतील, हा हिशेब त्यांना शिकवता आला असता, पण शाळा सुटली होती.

तर गुरुजींनी विकल्प भरला. जोडायला कागद: जाहिरातीचं कात्रण, निवड यादी, आदेश, रुजू अहवाल. कात्रण म्हणजे २००५ सालचं वर्तमानपत्र. त्यात त्यांच्या आईने त्या दिवाळीच्या करंज्या गुंडाळून मुंबईच्या चाकरमान्यांना पाठवल्या होत्या. ते अखेर जिल्ह्याच्या वाचनालयातल्या बांधीव अंकांत सापडलं. कार्यालयाने ते दोनदा परत केलं, एकदा छायाप्रत अस्पष्ट म्हणून आणि एकदा साक्षांकित नाही म्हणून. ती जाहिरात त्याच कार्यालयाने दिली होती.

त्यांच्या शेजारी रांगेत एक शिपाई उभा होता. वडील नोकरीत असताना वारले, अर्ज २००५ च्या पावसाळ्यात केला, अनुकंपावर नेमणूक मिळाली ती पुढच्या वर्षी. त्याने विचारलं, 'साहेब, आमच्या जागेला जाहिरात नसते. मी काय जोडू?' टेबलावरच्या बाबूने शासन निर्णय दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि विचारलं, 'वडिलांच्या निधनाची बातमी पेपरात आली होती का? तारीख मात्र ऑक्टोबरच्या आतली हवी.'