स्लॅब पडला हो!

मराठीत स्लॅब भरला काय आणि कोसळला काय, दोन्हीला ‘स्लॅब पडला’ असंच म्हणतात. त्यामुळे बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलीनं फोनवर गोड आवाजात ‘काका, सातवा स्लॅब पडला’ म्हटल्यावर मी आधी विचारलं, ‘कुणाला लागलं का?’ लागलं मलाच. मागोमाग डिमांड लेटर आलं.

महाराष्ट्रात रेरा कायद्याच्या नमुना करारात हप्त्यांचं सगळं आखून दिलंय. करार झाला की ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५, स्लॅब संपले की ७०. भिंत, फरशी, दार, खिडकी, नळ, लिफ्ट, म्हणजे ज्याला आपण घर म्हणतो ते सगळं उरलेल्या ३० टक्क्यांत.

बांधकाम चढेल तसेच पैसे सोडा, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलंय. म्हणून आमच्या बँकेत कडक तपासणी झाली. लेटरवर शिक्का? आहे. आर्किटेक्टचा दाखला? आहे. माझी सही? जुळत नाही. वेलांटी जुळेपर्यंत चारदा केली. त्या वेलांटीइतक्या बारकाईनं कुणी इमारतीकडे पाहिलं असतं तर! व्हॅल्युअरच्या अहवालात फोटो होता: आकाशाकडे बोटं दाखवणाऱ्या सळया आणि एक कावळा.

‘साहेब, ही बी विंग. माझा फ्लॅट ए मध्ये.’

‘प्रकल्प एकच ना?’

आमचा मेहुणा गावी स्वतःच्या प्लॉटवर घर बांधतोय. त्याच्याकडे याच बँकेचा इंजिनियर टेप घेऊन तीनदा आला. न्हाणीघराची भिंत नकाशापेक्षा अर्धा फूट सरकली म्हणून हप्ता महिनाभर अडकला. गवंडी तेवढ्यात दुसऱ्या कामाला निघून गेला. मेहुण्याचं चुकलंच. एक न्हाणीघर बांधायला नको होतं, दोनशे बांधायची होती.

माझे पैसे मात्र दुसऱ्या दिवशी सुटले आणि व्याज सुरू झालं. याला प्री-ईएमआय म्हणतात. दरमहा भरायचं, मुद्दल तसूभर हलत नाही. राहत्या घराचं भाडं वेगळं.

रविवारी साइटवर गेलो. खालून मान वर करून मोजलं, पाच भरले.

‘सातवा कुठला हो?’ वॉचमनला विचारलं.

‘पार्किंगचा धरलात?’

धरला. सहा.

त्यानं जरा विचार केला. ‘मग जोतंही धरा.’

जोत्याचे पैसे मी गेल्या दिवाळीतच दिले होते.