जॉबरची नवी पाळी

निकालाच्या दिवशी लालबाग-परळमध्ये ज्याच्या घरात परीक्षार्थी असतो त्याच्याकडे पेढे मिळतात आणि ज्याच्या घरात नसतो त्याच्याकडे सल्ले. पेढ्यांचा पुडा संध्याकाळपर्यंत संपतो. सल्ले पुढच्या निकालापर्यंत पुरतात आणि त्यातूनही उरलेच तर धाकट्या भावंडाला वापरता येतात.

यंदा आमच्या चाळीत खोली नंबर १७ च्या मुलाला बारावी सायन्सला ७१ टक्के पडले आणि त्याने घरात जाहीर केलं, की मला इतिहास घेऊन बीए करायचं आहे. त्याच रात्री दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तातडीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी अर्थातच निवृत्त हेडक्लार्क. सदस्यांत मंडळाचे खजिनदार, जिचा मुलगा कॅनडात आहे ती काकू, आणि ज्यांचा मुलगा कुठेच नाही पण जायच्या तयारीत आहे ते काका. ज्याच्या भवितव्याचा विषय होता तो मुलगा पाव आणायला खाली गेला होता. त्याचं नसणं कुणाला जाणवलं नाही. कोरमला त्याची गरज नव्हती.

हीच समिती दोन वर्षांपूर्वीही बसली होती. तेव्हा तिने मुलाला सायन्सला घातलं, कारण सायन्स घेतलं की सगळे दरवाजे उघडे राहतात. सायन्सवाला पुढे कॉमर्सला जाऊ शकतो, आर्ट्सला जाऊ शकतो; आर्ट्सवाला उलटा सायन्सला येऊ शकत नाही. ज्या चाळीत दिवसाढवळ्या कुणी कधी दार लावलेलं नाही, तिथल्या माणसांना उघड्या दरवाजांचं एवढं अप्रूप का असावं, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मुलगा बिचारा दोन वर्षं त्या सगळ्या उघड्या दरवाजांच्या मधोमध उभा राहिला. वारा लागला आणि ७१ टक्के पडले.

त्या वेळी त्याची आवड विचारली नव्हती असं मात्र म्हणता येणार नाही. अकरावीच्या ऑनलाइन अर्जात दहा कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. म्हणजे सरकारने आवड एकदा नव्हे, दहादा विचारली. फक्त नियम असा, की पहिल्याच पसंतीचं कॉलेज मिळालं तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. जगात मागितलेली गोष्ट मिळण्याची शिक्षा इतक्या काटेकोरपणे क्वचितच कुठे होत असेल. अर्जात जात, उत्पन्न, रहिवास, कोटा, सगळ्याला रकाने आहेत. ‘हे का शिकायचं आहे?’ या प्रश्नाला रकाना नाही. बरोबरच आहे. त्याचा दाखला तहसीलदार देत नाहीत.

पुढे कॉलेज मिळालं, पण मुलगा तिथे गेला नाही, कारण ते ‘इंटिग्रेटेड’ होतं. म्हणजे नाव कॉलेजच्या पटावर आणि देह दादरच्या क्लासात. २०१८ साली सरकारला या अदृश्य विद्यार्थ्यांची काळजी वाटली आणि सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची झाली. तेव्हापासून तडजोड अशी झाली आहे, की अंगठा कॉलेजात जातो आणि उरलेला विद्यार्थी क्लासात.

गिरणगावाला यात नवीन काही नाही. इथे कोणी कुठल्या खात्यात जायचं हे ज्याचं त्याने कधीच ठरवलेलं नव्हतं. कोकणातून, घाटावरून आलेला माणूस गिरणीच्या दाराशी उभा राहायचा आणि जॉबर ठरवायचा: हा साचाखात्यात, तो त्रासनात, हा आज बदली, तू उद्या ये. आवड विचारायची पद्धत नव्हती. दस्तुरी विचारायची होती. आता दाराशी कॉम्प्युटर उभा आहे आणि दस्तुरीला क्लासची फी म्हणतात. ती हप्त्याने भरता येते, एवढी सुधारणा मान्य केलीच पाहिजे.

जॉबरच्या काळात काही खाती तर काही माणसांना बंदच होती. विणकाम खात्यात पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. म्हणून तिथे दलित कामगारांना घेत नसत. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. त्यांना तो कुणी समजावून सांगावा लागला नसणार. शाळेत त्यांना स्वतःला संस्कृत शिकायचं होतं; ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. विषयनिवडीचा हा मुंबईतला सर्वांत लख्ख दाखला: विद्यार्थी तयार, विषय उपलब्ध, शिकवणारा हजर, फक्त शिकवायचं कुणाला हे आधीच ठरलेलं. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभं केलं. नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकता यावं ही सोय त्यात होती. आमच्या समितीतल्या कुणाला हे ठाऊक नाही, कारण इतिहासाला स्कोप नसल्याने तो कुणी घेतलेला नाही.

समितीपुढे चर्चेला आलेला पहिला मुद्दा: मार्क वाया जातील. हे वाया जाण्याचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे. पंचावन्न टक्केवाला आर्ट्सला गेला तर ‘जाऊ दे, काहीतरी करतोय’. नव्वदवाला गेला तर ‘डोकं फिरलं का?’ पण नव्वदवाला झेवियर्सच्या आर्ट्सला गेला तर लोक एकदम मान डोलावतात. म्हणजे विषय तोच, पुस्तकं तीच, विद्यापीठ तेच. धोबी तलावाला उतरलात तर कौतुक आणि परळला उतरलात तर सांत्वन. इतिहास हा विषय स्टेशनागणिक बदलतो, हा शोध आमचाच.

दुसरा मुद्दा खोली नंबर ९ ने मांडला. त्यांचा नातू माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून टेक्स्टाइलचा इंजिनिअर झाला. ही संस्था १८८७ ची. व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचं नाव घेऊन निघाली, पुढे वीरमाता जिजाबाईंची झाली. गिरण्यांच्या भरभराटीत तिथे कापडविद्येला मान होता. नातवाला कॉम्प्युटर हवं होतं, थोडक्यात हुकलं, टेक्स्टाइल मिळालं. आजोबा इथेच परळात साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले ते अजून अधिकृतपणे परत यायचे आहेत. मधल्या काळात फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात ऑफिसं आणि रेस्टॉरंटं आली. नातू आता टेक्स्टाइलची पदवी घेऊन अशाच एका जुन्या गिरणीच्या जागेवर कोडिंग करतो. घराण्यात कापड शिकलेला पहिला माणूस तो. आणि घराण्यात ज्याने कापडाला हात लावला नाही असाही पहिला माणूस तोच. आजोबा तरीही खूश आहेत. म्हणतात, जागा तीच मिळाली.

काही मुलं मात्र स्वतःच्या मनाने कॉलेज निवडतात, हे नोंदवलं पाहिजे. त्यांची कारणं सरळ असतात. कुणी दादरच्या कीर्ती कॉलेजला जातो तो गल्लीतल्या वडापावसाठी, वर चुरा मागून घेता येतो म्हणून. कुणी परळच्या एमडीला जातो, कारण तिथे एकांकिकेच्या तालमीला जागा आणि ओरडायला दिग्दर्शक मिळतो. पोदारला तर क्रिकेटसाठी जाण्याची थोर परंपरा आहे. वेंगसरकर आणि शास्त्री तिथलेच. दोघांची बॅलन्स शीट कुणी पाहिलेली नाही, बॅटिंग सगळ्यांनी पाहिली. शेजारच्याच रुईयात जाणारे काही जण नाक्यासाठी जातात. या मुलांना विषय विचारला तर ते क्षणभर गोंधळतात. पण कॉलेज कशासाठी, हे त्यांना पक्कं माहीत असतं. आमच्या समितीत असं छातीठोक सांगू शकेल असा एकही सदस्य नाही.

तिसरा मुद्दा कॅनडावाल्या काकूंचा: मुलाने बीएमएस करावं. यावर खजिनदारांनी नवी माहिती दिली. २०२४ पासून बीएमएस, बीबीएसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेले आणि त्यांना सीईटी आली. सीईटी आल्यावर जागा रिकाम्या राहू लागल्या. मग अनेक कॉलेजांनी व्यवस्थापनशास्त्राचं पहिलं तत्त्व स्वतःवरच वापरून दाखवलं. त्यांनी पाटी बदलली. बीएमएस गेलं, बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) आलं. बीकॉमला ती सीईटी लागत नाही. तीन वर्षांत मुलांना जे शिकवायचं, ते प्रवेशाच्या आधीच करून दाखवणारा अभ्यासक्रम दुसरा नसेल. काकू प्रभावित झाल्या. म्हणाल्या, मग इतिहासाचंही नाव बदलून घ्या ना काहीतरी. ‘पास्ट मॅनेजमेंट’ कसं वाटतं?

इथे मुलगा पाव घेऊन परत आला आणि त्याने चर्चेत भाग घेण्याचं धाडस केलं. म्हणाला, आता नवीन शैक्षणिक धोरण आहे. मेजर आपणच निवडायचा, मायनर निवडायचा, शिवाय दुसऱ्या शाखेचा विषयही घेता येतो. आर्ट्सवाला फायनान्स शिकू शकतो, सायन्सवाला नाटक.

हे धोरण खरोखर उदार आहे. पहिल्या सत्रात साधारण बावीस क्रेडिट असतात, त्यांतले मेजरच्या वाट्याला जेमतेम सहा. उरलेल्यांत ओपन इलेक्टिव्ह, व्यवसाय कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि एनएसएस किंवा खेळ. पूर्वी इतिहासाचा विद्यार्थी वर्षभर इतिहास वाचून कंटाळायचा; आता ती भीती उरलेली नाही. कॉलेज मध्येच सोडणाऱ्याचीही सोय आहे. पूर्वी एफवायनंतर कॉलेज सोडलं की चाळीत बोभाटा व्हायचा. आता चाळीस-चव्वेचाळीस क्रेडिट आणि वर चार क्रेडिटचं कौशल्य दाखवलं की प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी सोडलं तर डिप्लोमा. तीन वर्षं टिकला तर पदवी, चार वर्षं टिकला तर ऑनर्स. इतक्या ठिकाणी उतरायची सोय मध्य रेल्वेच्या स्लो लोकललाही नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी दादरकडच्या एका कॉलेजात चौकशीला गेला. खिडकीवर विचारलं, मेजर कोणता? इतिहास. मायनर? तो म्हणाला, मानसशास्त्र. खिडकीने सांगितलं, मानसशास्त्राच्या मॅडम निवृत्त झाल्या, जागा भरायची परवानगी आलेली नाही, तासिका तत्त्वावरचे सर दोन कॉलेजांत फिरतात आणि आपल्याकडे ते येतात तेव्हा तुमचं मूल्यशिक्षण असतं. मग काय मिळेल? खिडकीने आत कुणाला तरी विचारलं, वर्कलोड कुणाचा कमी पडतोय? आतून आवाज आला, अर्थशास्त्राला चार लेक्चरं कमी आहेत. खिडकी म्हणाली, तुम्हाला अर्थशास्त्राची आवड आहे.

मी या व्यवस्थेला नावं ठेवणार नाही. विद्यार्थ्याने विषय निवडायचा ही कल्पना पुस्तकातली आहे. विषयाने विद्यार्थी निवडायचा ही व्यवहारातली. पूर्ण वेळाच्या जागा वर्षानुवर्षं भरायच्या नाहीत आणि पर्यायांची यादी मात्र वाढवत जायची, हे दोन्ही एकाच वेळी करायचं तर कुणीतरी कुणाला तरी निवडलंच पाहिजे. प्राध्यापकाला नोकरी टिकवायला डोकी हवीत, आणि मुलाला डोकं टेकवायला जागा. दोघांची गाठ पडते त्याला प्रॉस्पेक्टसमध्ये ‘आंतरविद्याशाखीय शिक्षण’ म्हणतात.

मुलाने हा सगळा वृत्तांत गॅलरीत सांगितला तेव्हा समितीला विजयाचा आनंद झाला. हेडक्लार्कांनी समारोप केला. म्हणाले, बघ, आम्ही सांगत होतो. आवड वगैरे ठीक आहे, पण आधी पोटापाण्याचं बघ. कॉमर्स घे, सकाळचं कॉलेज घे, दुपारी कुठेतरी चिकट. आम्हीही हेच केलं, काय बिघडलं? ठराव एकमताने मंजूर झाला. मुलाचं मत विचारात घेण्यात आलं, अशी नोंद इतिवृत्तात आहे. ते खजिनदारांनी आदल्या रात्रीच लिहून ठेवलं होतं.

त्यानंतर आठवड्याभराने पोस्टमन एक जाड पाकीट घेऊन आला. हेडक्लार्क घरी नव्हते, म्हणून सही खोली नंबर १७ च्या मुलाने केली. आत विद्यापीठाच्या दूरस्थ शिक्षणाचं साहित्य होतं: एमए, भाग पहिला, विषय इतिहास, विद्यार्थ्याचं नाव निवृत्त हेडक्लार्कांचं. मुलगा पाकीट घेऊन थेट त्यांच्या दारात गेला. दार अर्थातच उघडं होतं. त्याने विचारलं, काका, हे काय?

हेडक्लार्क जरासे ओशाळले, पण खुर्ची सोडली नाही. म्हणाले, “अरे, मला पहिल्यापासून इतिहासच घ्यायचा होता. वडील म्हणाले, आधी नोकरी. मग बहिणींची लग्नं, मग खोलीची दुरुस्ती, मग मुलं. आता पेन्शन सुरू आहे, कुणी विचारणारं नाही. आवडीचं शिकायचं वय हेच.”

“मग मला का नाही म्हणालात?”

“नाही कुठे म्हणालो?” हेडक्लार्क म्हणाले. “तुझा नंबर आहेच. साठीनंतरच्या फेरीत.”

मुलाने त्या पाकिटातला अभ्यासक्रम मागून घेतला आणि तिथेच, त्यांच्या उंबऱ्यावर बसून, फोनमध्ये त्याचे फोटो काढले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कॉलेजच्या खिडकीवर गेला आणि त्याने इतिहास मेजर, अर्थशास्त्र मायनर असा अर्ज भरून फी भरून टाकली. समितीला हे कळलं तेव्हा पुन्हा बैठक बोलावण्यात आली. या वेळी अध्यक्ष मिळाले नाहीत. हेडक्लार्कांनी निरोप पाठवला, की त्यांचा मध्ययुगीन भारताचा पेपर तोंडावर आला आहे आणि नोट्स समजावून द्यायला खोली नंबर १७ चा मुलगा यायचा आहे.