डब्या किती?

आजाऱ्याला भेटायला गेल्यावर आपण तब्येत विचारतो. आमच्या शेजारचा भाऊ विचारतो, 'डब्या किती गेल्या?'

परवा काकांचं पित्ताशय काढलं, खड्यांपायी. काकू संत्रं सोलत बसलेल्या. भाऊनं खुर्ची ओढली. 'पित्ताशय एकाच डबीत गेलं नं? मंग एट-एट-थ्री-ओ-फोर, एक युनिट. संग लिव्हरचा तुकडा वेगळ्या डबीत गेला असन, तर त्याचं थ्री-ओ-सेव्हन अलग.' काका उशीवरून उठूनच बसले. 'लिव्हर काहून काढलं बे?'

भाऊ मेडिकल कोडर आहे. बी.एस्सी. झूऑलॉजी. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात बसून तो अमेरिकेतल्या पेशंटांच्या बिलांना कोड लावतो. बायोडेटात 'मेडिकल लाइन' लिहिलं, की मुलीकडचे विचारतात, डॉक्टर का? 'कोडर' सांगितलं, की विचारतात, सॉफ्टवेअर का? दोन्ही नाही म्हटल्यावर चहा लवकर येतो.

ती कोडपद्धत अमेरिकन मेडिकल असोसिएशनची, 1966 पासूनची. ऑपरेशनात काढलेला नमुना लॅबनं नुसता डोळ्यांनी पाहिला तर 88300. सूक्ष्मदर्शकाखाली गेला, की काम जितकं किचकट तितका आकडा वर, थेट 88309 पर्यंत. पैसे मोजायचे ते नमुन्यावर: वेगळी नोंद करून वेगळा तपासायला दिलेला प्रत्येक तुकडा म्हणजे एक युनिट. म्हणून त्या डब्या! आणि अपेंडिक्सची तर गंमतच. दुसऱ्याच ऑपरेशनात जाता जाता काढलेलं असेल तर 88302, स्वतःच्या दुखण्यापायी काढलं तर 88304. 'पाहा,' भाऊ म्हणतो, 'अपेंडिक्सले बी दुखल्यावर प्रमोशन भेटते. मी त रोजच दुखून राहिलो.'

अमेरिका त्यानं पाहिलेली नाही, पण तिथल्या माणसांची आतडी त्याला तोंडपाठ. ऑडिटमध्ये 95 टक्क्यांच्या खाली आला, की तो दोन दिवस तर्री-पोह्यालाही नाही म्हणतो. नागपुरात याहून गंभीर लक्षण नाही.

शेवटी काकूंनी त्याच्या हातात लॅबची पावती दिली. तीवर एवढंच: 'बायोप्सी, मीडियम'. भाऊनं मागची बाजूही पाहिली. 'कोड?' काकू म्हणाल्या, 'अरे बावा, रोख दिले नं.' त्याचा चेहरा काकांपेक्षा जास्त उतरला.

तुमच्याकडे कोणाचं ऑपरेशन झालं, तर भाऊला जरूर बोलवा. माणूस मदतीचा आहे, रात्री दवाखान्यात बसायलाही तयार असतो. फक्त पेशंट झोपल्यावर आणा.