बटण तुमचं, हुकूम कुणाचा?

दसऱ्याला विट्यात रेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची शर्यत लागते. खांदेकरी धावतात, गर्दी धावते आणि कॅमेरावाला मेन्यू उघडून आयएसओ शोधत उभा राहतो. पालखी त्याच्यासाठी थांबेल?

ती गेलेली असते.

लाखभराचा कॅमेरा घेतला, लेन्सला वेगळे पैसे मोजले. आणि बोटाखालच्या एफएन बटणाला काम कोणतं दिलं? "आहे तसंच ठेवलंय." आहे तसं म्हणजे कंपनीनं साऱ्या जगासाठी ठरवलं तसं. कंपनीला विट्याची शर्यत ठाऊक आहे का? ठाऊक नाही, म्हणूनच तर ते बटण बदलायची मुभा तिनं तुमच्या हाती दिली.

विटा यंत्रमागाचं गाव. सुताचा नंबर बदलला की जॉबर माग पुन्हा जुळवतो. आला तसा माग वर्षानुवर्षं कुणी चालवत नाही.

मग कॅमेरा तसाच का चालवता?

मुख्य दुखणं शटरच्या बटणाचं. अर्धं दाबलं की फोकस, पुरं दाबलं की फोटो. एकाच बोटावर दोन कामं. पालखीवर फोकस धरलाय, मध्ये कुणाचा तरी हात वर आला, पुन्हा बटण दाबलं की फोकस त्या हातावर! पालखी धूसर, हाताची बोटं मात्र स्वच्छ. फोकसचं काम मागच्या एएफ-ऑन बटणाला द्या. अंगठा फोकस धरेल, तर्जनी फोटो काढेल. मध्ये हात आला? अंगठा उचला, फोकस होता तिथंच राहतो. मात्र शटरवरचा फोकस बंद करायला विसरू नका. एका कामाला दोन मालक झाले की काम बिघडतं.

ही काही नवलाई नाही. कॅननच्या ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात ही सोय १९८९ सालीच होती. आणखी किती वर्षं "नंतर बघू"?

एफएनला आयएसओ द्या. दसऱ्याचं ऊन भराभर उतरतं, आणि पळते पाय टिपायला शटर १/५०० च्या खाली आणून चालत नाही. मग वाढवायचा तो आयएसओच, तोही कॅमेऱ्यावरून डोळा न काढता.

लग्नात दुसऱ्याचा कॅमेरा हाती घेणाऱ्यांनी तर आधी बटणं तपासावीत. अंतरपाट दूर होतो एकदाच. त्या क्षणी अंगठ्याखाली भलतंच काही उघडलं, तर नवरा-नवरीला पुन्हा उभं करणार?

सगळी बटणं एकदम बदलू नका. सात बटणांची सात कामं ऐन वेळी आठवत नाहीत. दोन पुरेत, पण डोळे मिटून सापडली पाहिजेत.

खंडेनवमीला कॅमेरा पूजेत मांडताच ना? त्याच्या आठ दिवस आधी ही दोन बटणं ठरवा आणि रोज संध्याकाळी दारावरून जाणाऱ्या मोटारसायकलींवर अंगठा बसवा.